सांता क्लारा काउंटीतली पार्कं, डोंगरवाटा आणि मोकळी रानं : माहितीचा धागा

आडवाट
बे एरियातल्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सान फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या, मराठी मंडळींचं डोंगर चढणं दोन-तीन नावांपाशीच अडकलेलं दिसतं. मिशन पीक, रँचो सान अँटोनियो, फार तर कॅसल रॉक. त्यातलं मिशन पीक तर आपल्या काउंटीतही नाही, ते अलमेडात. म्हणून हा धागा फक्त सांता क्लारा काउंटीपुरता. ज्याला जे नीट माहीत आहे ते लिहा. प्रवासवर्णनं आणि फोटो यांना दुसरे धागे आहेत.

सुरुवात मी करतो. कुठेही जायचं ठरवलं की पहिला प्रश्न वाट किती मैलांची हा नसतो, जमीन कोणाची हा असतो. शेजारी-शेजारी चार मालक आहेत आणि चौघांचे नियम वेगळे.

काउंटीची स्वतःची २८ पार्कं आहेत. पहिलं १९२४ साली कुपर्टिनोजवळ ४०० एकर विकत घेऊन झालं, तेच आजचं स्टीव्हन्स क्रीक. वेळ सकाळी ८ ते सूर्यास्त. बऱ्याच पार्कांत गाडीमागे ६ डॉलर. कुत्रा ६ फुटांच्या आतल्या दोरीला बांधून बऱ्याच ठिकाणी चालतो.

मिडपेन म्हणजे १९७२ साली मतदानातून झालेली, मोकळ्या जागा राखणारी सार्वजनिक संस्था. त्यांच्या रानांत पार्किंग फुकट आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास मुभा. पण कुत्रा आणि सायकल यांचं प्रत्येक रानाला वेगळं, एकाच रानात वाटेवाटेलाही वेगळं.

ओपन स्पेस ऑथॉरिटी ही तशीच दुसरी संस्था, १९९३ची. कोयोटी व्हॅली, सिएरा व्हिस्टा, रँचो कॅन्याडा देल ओरो त्यांची. पार्किंग फुकट, कुत्र्यांना बहुतेक ठिकाणी मज्जाव.

चौथं राज्य सरकार. हेन्री कोव आणि कॅसल रॉक त्यांचे. तिथे काउंटीचा वार्षिक पास दाखवून काही होत नाही, राज्याचं शुल्क वेगळं भरावं लागतं.

शहरांची पार्कं आणि खाडीकाठचं केंद्र सरकारचं अभयारण्य यांचे नियम आणखी निराळे. दंडाची पावती बहुतेकांना याच गोंधळात मिळते.

गवतीचहा
उत्तम धागा, वाचनखूण साठवली. पासबद्दल एक भर : काउंटीच्या पार्कांचा पास लायब्ररी कार्डावर पुस्तकासारखा घरी नेता येतो. राज्याच्या पार्कांचाही तसाच वेगळा पास असतो. मार्च-एप्रिलमध्ये दोन्हींना रांग लागते, तेव्हा जानेवारीतच नाव घालून ठेवा.

पायपीट
मालकाच्या जोडीला मी महिना आणि उतार या दोन गोष्टी घालेन.

इथला पाऊस आपल्या उलट. नोव्हेंबर ते मार्च ओलं, मे ते ऑक्टोबर खडखडीत. डोंगर हिरवे फेब्रुवारी ते एप्रिल, मेच्या मध्यापासून पिवळे. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला जून म्हटलं की डोंगर हवासा वाटतो. इथे त्याच जूनमध्ये काउंटीच्या ग्रँट पार्कातल्या किंवा हेन्री कोवच्या उघड्या धारेवर दुपारी ३५-४० अंश सेल्सिअस असतं आणि सावलीला झाड नसतं.

उताराचं असं. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर बे-लॉरेल, शेवाळलेले ओक, ओल. दक्षिणेकडच्या उतारावर खुरटी झुडपं आणि ऊन. नकाशावर वाट कोणत्या अंगाने चढते ते बघितलं की उन्हाळ्यात ती झेपेल की नाही हे घरीच कळतं. जुलै-ऑगस्टमध्ये रेडवुडची सावली हवी असेल तर सारटोगाच्या वरचं सॅनबोर्न किंवा गिलरॉयच्या पश्चिमेचं माउंट मॅडोना. ग्रँट, काउंटीचंच एड लेव्हिन, कोयोटी व्हॅली आणि कोव ही चार नावं तेव्हा सकाळी दहाच्या आत संपवायची, नाहीतर थंडीसाठी राखायची.

पाणी : थंडीत माणशी तासाला अर्धा लिटर, उन्हाळ्यात चढ असेल तर १ लिटर. पार्किंगपाशी नळ असेलच असं धरून निघू नका.

हिरवी_टेकडी
मे महिन्यात भारतातून सासू-सासरे येत आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सोबत दोन वर्षांचा मुलगा आणि त्याची ढकलगाडी. चढ नको, बाथरूम हवं. काय सुचवाल?

गवतीचहा
@हिरवी_टेकडी, वासोना लेक. डांबरी सपाट वाट, तळं, मुलांसाठी खेळायची जागा, स्वच्छतागृहं. लॉस गॅटोस क्रीक ट्रेल तिथूनच जाते, ढकलगाडी आरामात चालते. फक्त सायकली वेगात येतात, तेव्हा उजव्या कडेने चाला आणि पोराचा हात सोडू नका.

दुसरं हेलियर पार्क. कोयोटी क्रीकच्या काठाने डांबरी वाट दक्षिणेला मॉर्गन हिलपर्यंत गेली आहे. जितकं जमेल तितकं चालायचं आणि परत फिरायचं.

रँचो सान अँटोनियोतली डीअर हॉलो फार्मची वाट बरीचशी सपाट आहे. शेळ्या, कोंबड्या बघून मूल खूश होतं. पण तिथे पार्किंग हीच खरी परीक्षा. शनिवार-रविवारी नऊच्या आत भरतं, मग गाड्या गोल गोल फिरत बसतात. मधल्या वारी जा.

कातळखूण
आजी-आजोबांना चालायला फार लावायचं नसेल तर चितॅक्टॅक-ॲडम्स. वॉटसनव्हिल रोडवर उवास क्रीकच्या काठी छोटंसं पार्क आहे, फेरी जेमतेम अर्ध्या मैलाची. इथल्या मूळच्या ओलोनी लोकांच्या वस्तीची ही जागा. खडकात एकाशेजारी एक गोल खळगे दिसतात, ते ओकची फळं कुटायची उखळं. काही खडकांवर वर्तुळाकार कोरीव खुणा आहेत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात त्या उठून दिसतात, भर दुपारी डोळ्यांसमोर असून सापडत नाहीत. खुणांवर पाणी ओतून किंवा खडू फिरवून फोटो काढू नका, दगड झिजतो.

पारा_चढला
आल्माडेन क्विकसिल्व्हरबद्दल लिहितो, कारण हे पार्क लोक नुसती टेकडी म्हणून चढून येतात आणि पायाखाली काय आहे ते बघत नाहीत.

इथे १८४५पासून १९७६पर्यंत पाऱ्याच्या खाणी होत्या. पाऱ्याचं खनिज म्हणजे हिंगूळ. ओलोनी लोक ते लाल रंगासाठी वापरत. कॅलिफोर्नियात १८४८ साली सोनं सापडलं आणि खडकाच्या चुऱ्यातून ते वेगळं काढायला पारा लागत असल्याने या डोंगराचा भाव वाढला. हिंगूळ भट्टीत तापवायचा, वाफ थंड करायची, पारा जमवायचा आणि ७६ पौंडांच्या लोखंडी बाटलीत भरायचा. अशा १० लाखांहून जास्त बाटल्या इथून निघाल्या.

हासिएंडा प्रवेशापासून माइन हिल ट्रेलने वर इंग्लिश कॅम्प, तिथून सान क्रिस्टोबल बोगद्याचं तोंड बघून परत, अशी फेरी ६-७ मैलांची होते. पहिला मैल खडा आहे, पुढे वाट रुंद आणि सौम्य. बोगद्यात थोडं आत जाळीपर्यंत जाता येतं, टॉर्च न्या. पार्किंग फुकट आहे, पण हासिएंडाची जागा छोटी. भरली असेल तर मॉकिंगबर्ड हिलकडून चढा. खाली गावात कासा ग्रांदेमध्ये खाणीचं संग्रहालय आहे. त्याच्या वेळा बघून फेरी आखलीत तर वर काय बघितलं ते नीट लागतं.

आता महत्त्वाचं. वाटेत लालसर खडी दिसते, ती भट्टीतून काढून टाकलेली भाजकी खडी. त्यात अजून पारा आहे. मुलांना ओढ्याच्या गाळात खेळू देऊ नका, खाण्याआधी हात धुवा. आल्माडेन, ग्वादालुपे आणि कालेरो या तलावांतले मासे खायचे नाहीत, तशा पाट्याही आहेत. गळ टाकायला हरकत नाही, मासा परत सोडायचा. पाणी गाळायच्या बाटलीने किंवा उकळून पारा जात नाही, म्हणून तिथलं पाणी पिण्याचा प्रश्नच नाही.

आडवाट
+१. त्याच डोंगररांगेत मागे जो चौकोनी काँक्रीटचा ठोकळा दिसतो तो माउंट उमुनम, ३,४८६ फूट. शीतयुद्धाच्या काळात १९५७ ते १९८० तिथे हवाई दलाचं रडार ठाणं होतं, तो ठोकळा रडारचा पाया. माथा २०१७च्या सप्टेंबरात मिडपेनने सगळ्यांना खुला केला. गाडी थेट वर जाते. चालायचं असेल तर बाल्ड माउंटनच्या पार्किंगपासून एका बाजूने ३.७ मैल, चढ साधारण ११५० फूट, बराच भाग झाडीतून. ज्यांना चालवत नाही त्यांना गाडीने वर पाठवायचं आणि बाकीच्यांनी चालत जाऊन गाठायचं, ही सोय फार कमी डोंगरांवर असते. वर वारा जोराचा असतो, खाली २५ अंश असलं तरी जाकीट लागतं. रस्ता अरुंद आणि शेवटी खडा आहे. उतरताना खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतराल तर ब्रेक तापतात.

सुगरण
पॉयझन ओकचं कोणीच लिहिलं नाही! काउंटीतल्या जवळजवळ प्रत्येक रानात आहे, रेडवुडमध्येही.

आपल्या लोकांना समजायला सोपं : आंबा, काजू आणि बिब्बा ज्या कुळातले त्याच कुळातलं हे झुडूप. बिब्बा उततो तसाच हा उततो. ज्यांना आंब्याच्या सालीने किंवा चिकाने ओठांभोवती पुरळ येतं त्यांनी जास्तच जपावं.

ओळख : एका देठाला तीन पानं, मधल्याचा देठ लांब. वसंतात पानं तकतकीत आणि तांबूस, मग हिरवी, उन्हाळा सरता सरता लालभडक. नवखे लोक नेमकी तीच फोटोसाठी तोडतात. थंडीत पानं झडून नुसत्या काटक्या उरतात आणि त्यांतही तेल असतंच.

लागलं तर : ते तेल आहे, नुसत्या पाण्याने जात नाही. तासा-दोन तासांच्या आत भांडी घासायचा साबण आणि फडका घेऊन चोळून धुवा. पाणी थंड किंवा कोमट, कढत नको. तीनदा चोळा, तीनदा धुवा. टेकनूसारखं औषधही चालतं, पण चोळण्याला पर्याय नाही. पुरळ १२ ते ४८ तासांनी उठतं, म्हणून 'काही झालं नाही' असं म्हणून आंघोळ संध्याकाळवर ढकलू नका. फोडांतल्या पाण्याने ते पसरत नाही. पसरल्यासारखं दिसतं कारण तेल बुटाच्या नाड्या, काठीची मूठ, फोन आणि कुत्र्याच्या अंगावर राहिलेलं असतं. ते सगळं पुसा. काटक्या जाळू तर मुळीच नका, धूर फुफ्फुसात जातो.

पायपीट
तिथेच गोचिडाचं लिहून टाकतो. काळ्या पायांची पश्चिमेकडची गोचीड लाइम रोग पसरवते. मोठी गोचीड पावसाळ्यात वाटेच्या कडेच्या गवताच्या टोकावर बसते. पिल्लं एप्रिल ते जून पालापाचोळ्यात आणि पडलेल्या ओंडक्यांवर असतात. खसखशीएवढी असल्याने ती दिसत नाहीत आणि धोका त्यांचाच जास्त. तेव्हा वसंतात ओंडक्यावर बसून डबा खायची सवय सोडा. पँट मोज्यांत खोचा, घरी गेल्यावर केसांची कड, काखा, कंबर, गुडघ्याची मागची बाजू बघा. चिकटलेली असेल तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडी, नेलपॉलिश यांनी ती आणखी ओकते. नंतर पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडाचं आवर्जून सांगा.

जाता जाता : कुंपणावर पुश-अप्स काढणारा निळ्या पोटाचा सरडा दिसतो ना, त्याच्या रक्ताने गोचिडातले लाइमचे जंतू मरतात. त्याला त्रास देऊ नका.

चाकमोडी
सायकलवाल्यांसाठी. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस मातीच्या अरुंद वाटांवर जाऊ नका. कोवमध्ये जोराच्या पावसानंतर ४८ तास अशा वाटा सायकलींना बंदच असतात. बाकी ठिकाणी फाटकावर पाटी लागते. इथली चिकणमाती चाकाला चिकटून फ्रेममध्ये गच्च बसते आणि ओढता ओढता मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हूक तुटतो. चाकोरी पडली की ती उन्हाळाभर दगडासारखी राहते ते वेगळंच.

लॉस गॅटोस क्रीक ट्रेलला गाडी नको असेल तर लाइट रेलने डाउनटाउन कँपबेलला उतरा, वाट अगदी जवळ आहे. लॉस गॅटोस गावापर्यंत डांबर, पुढे लेक्झिंग्टन धरणाकडे जाताना कच्ची वाट आणि शेवटचा चढ छातीवर येणारा. रोड बाइकच्या बारीक टायरने तिथे उतरावंच लागतं.

हिरवी_टेकडी
सगळ्यांचे आभार! उवास कॅन्यनचे धबधबे मेमध्ये असतील का?

आडवाट
धार बारीक असेल. तिथली खरी वेळ जानेवारी ते मार्च, पाऊस पडून एक-दोन दिवसांनी. वॉटरफॉल लूप एक मैलाचा आणि त्यात ब्लॅक रॉक, बेसिन, अप्पर असे धबधबे एकामागून एक येतात. अपेक्षा सह्याद्रीची ठेवू नका, हे अंगणातले धबधबे आहेत. पायऱ्या आणि ओली मुळं आहेत, तेव्हा ढकलगाडी नाही, पाठीवरची झोळी घ्या.

शनिवार-रविवारी आणि सुट्टीला पार्किंगचं रिझर्वेशन आधी करावं लागतं. ते घरीच करून फोनवर साठवून ठेवा. क्रॉय रोडवर आत शिरलात की मोबाईलला रेंज नाही. फाटकाच्या अलीकडे स्वेडाल ही खासगी वसाहत आहे, रस्ता तिच्यातून जातो. तिथे गाडी लावली तर उचलून नेतात. मोठ्या वादळानंतर हे पार्क दरडी आणि पडझडीमुळे बंद राहतं, निघण्याआधी काउंटीच्या संकेतस्थळावर बंद असलेल्या जागांची यादी बघाच. त्याच यादीत अँडरसन लेकही सापडेल. धरण भूकंपाच्या दृष्टीने नव्याने बांधायचं असल्याने २०२०पासून तलाव जवळजवळ रिकामा केला आहे. जुनी माहिती वाचून होडी घेऊन जाऊ नका.

कातळखूण
रानफुलांचं राहिलं. मार्चअखेर ते एप्रिल कोयोटी रिज आणि कोयोटी व्हॅली. या डोंगराचा खडक सर्पेंटाइन, हिरवट आणि गुळगुळीत. त्यावरची माती नापीक, मॅग्नेशियम जास्त, कॅल्शियम कमी. बाहेरून आलेलं युरोपीय गवत तिथे धड वाढत नाही म्हणून मूळची फुलं टिकली. बे चेकरस्पॉट नावाचं फुलपाखरू इथल्याच प्लँटॅगो नावाच्या बुटक्या रोपट्यावर अंडी घालतं. १९८७पासून ते संरक्षित यादीत आहे.

गंमत पुढे आहे. शेजारच्या हायवेच्या धुरातला नायट्रोजन डोंगरावर बसतो आणि खताचं काम करतो. नापीक माती सुपीक झाली की गवत माजतं आणि फुलं दबतात. गुरं ते गवत खातात म्हणून फुलं उरतात. जिथे जिथे 'निसर्ग जपायचा' म्हणून चराई बंद केली तिथे काही वर्षांत फुलपाखरं कोसळली. तेव्हा रानात गाई दिसल्या की तक्रार करू नका, त्या कामावर आहेत. वाटेत आडव्या बसल्या असतील तर वासरू आणि गाय यांच्या मधून न जाता लांबून वळसा घाला, फाटक जसं सापडलं तसंच लावा.

कोयोटी व्हॅलीची ॲरोहेड लूप ४ मैलांची, सावली शून्य. कोयोटी रिजला जाण्याआधी ऑथॉरिटीच्या त्या हंगामातल्या अटी बघून घ्या.

डोंगरबाबा
हेन्री कोवबद्दल एवढंच : तिथे उतार आधी, चढ नंतर. मुख्यालय २,६०० फुटांवर आहे आणि चायना होलला जायला जवळजवळ दीड हजार फूट खाली उतरावं लागतं. जाऊन-येऊन साधारण १० मैल. उतरताना सगळेच ताजे असतात, पाणी संपतं ते परतीच्या दुपारच्या चढावर. नियम सोपा : खाली पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक राहणार नाही असं दिसलं तर अर्ध्यातूनच मागे फिरा. उन्हाळ्यात ओढे आटतात, वाहते असले तरी गाळूनच प्या. मॉर्गन हिलमधून ईस्ट डन ॲव्हेन्यूने वर यायला पाऊण तास धरा, पेट्रोल खालीच भरा.

नवख्यांनी मुख्यालयापासून मॉन्युमेंट ट्रेल किंवा कॉरल ट्रेलने फ्रॉग लेककडे जावं, कोवचा अंदाज येतो. सुमारे ८७ हजार एकर आहे, चुकलात तर हाका मारून उपयोग नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाटेवर टॅरँट्युला चालताना दिसतात. ते माद्या शोधत निघालेले नर, माणसाशी त्यांना काही देणंघेणं नाही. रॅटलस्नेक दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या, दगड मारू नका. कौगर (इथला डोंगरी सिंह) दिसला तर पळायचं नाही, पोर उचलून घ्यायचं, तोंड त्याच्याकडे ठेवून मोठा आवाज करत मागे सरकायचं.

सुगरण
बे-लॉरेलची पानं तोडून मसालेभातात घालणाऱ्यांनो, एक तर पार्कांतून पान नेणं नियमाविरुद्ध, दुसरं म्हणजे ते तमालपत्र नव्हे. वास इतका उग्र की एका पानाने पातेलं वाया जातं. शिवाय ओक मारणाऱ्या रोगाचा बुरशीसारखा जंतू त्याच झाडावर वाढतो आणि बुटांच्या चिखलातून दुसऱ्या रानात जातो. ओल्या दिवसांत गाडीत बसण्याआधी तळवे ब्रशने झाडा.

नदीकाठ
आमच्या मंडळाची १०० माणसांची सहल आणि सप्टेंबरात विसर्जन, दोन्ही एकाच तळ्यावर जमेल का?

आडवाट
सहल जमेल, विसर्जन नाही. वासोना, हेलियर इथे गटासाठी टेबलांच्या जागा राखून मिळतात, वसंतातले शनिवार-रविवार महिनोन् महिने आधी जातात. अर्जात माणसांचा आकडा खरा लिहा, पार्किंगचं गणित त्यावर असतं. स्पीकरची परवानगी वेगळी विचारा, ढोल-ताशा त्यातच धरला जातो. कोळशाची शेगडी ठरवून दिलेल्या जागीच, आणि आगीचा इशारा लागला की तीही बंद. जेवणाचा बेत त्या दिवशी न पेटवता होईल असाच ठेवा.

विसर्जनाचं : या तलावांचं पाणी भूजलात मुरवलं जातं, त्यात मूर्ती, निर्माल्य काहीही सोडता येत नाही. शाडूची मूर्ती मंडळाच्या आवारात टबमध्ये करा, माती बागेत घाला.

नदीकाठ
समजलं. हेलियरचा अर्ज आजच भरतो. १०० लिहू की १२०? आयत्या वेळी येणारे असतातच.

गवतीचहा
१२० लिहा. आणि गाड्या वाटून घ्यायला आधीच सांगा, ६ डॉलर प्रत्येक गाडीमागे आहेत.